प्रश्न विचारणारा गुरू हवा

(शिक्षक-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ब्रह्मविद्येची आस घेऊन हा बालक हारिद्रुमत गौतमांकडे गेला. आचार्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, तो गोत्राचा. सत्यकामाकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आईने जे सांगितले होते ते त्याने जसेच्या तसे सांगितले. अनेकांच्या घरी सेवा करीत असताना आपला जन्म झाला, गोत्र आईलाही ठाऊक नाही, असे तो म्हणाला. आचार्यांनी त्याला परत पाठविले नाही. सत्यापासून जो ढळला नाही तो विद्येचा अधिकारी आहे, असा निर्णय देऊन त्यांनी त्याचा स्वीकार केला.

या कथेचा सामाजिक आशय आपल्याकडे वारंवार सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तिला आणखी एक बाजू आहे. हाच प्रश्न एखाद्या छापील अर्जात असता तर काय झाले असते? गोत्राचा रकाना रिकामा राहिला असता आणि अपूर्ण अर्ज म्हणून तो बाजूला पडला असता. समोर बसलेल्या गुरूला रिकामा रकाना दिसला नाही, त्याला विद्यार्थी दिसला. उत्तर कागदावर तपासणे आणि उत्तर देणाऱ्याला समोर बसवून ऐकणे यांत हा असा मूलभूत भेद आहे. आजच्या विषयाचे सार या भेदातच सामावलेले आहे.

पडद्याआडची शाळा आणि दूरध्वनीवरची परीक्षा

ऑनलाइन शिक्षण म्हटले की आपल्याला मार्च 2020 नंतरचे दिवस आठवतात. कोरोनाच्या संकटात शाळांना कुलुपे लागली आणि घराघरांत भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर वर्ग भरू लागले. शिक्षक बोलत, मुले आपले नाव आणि एक काळा चौकोन दाखवून उपस्थित राहत. चौकोनामागे मूल आहे की नाही, असले तरी त्याला काही समजते आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग उरला नव्हता. हा अनुभव इतका ताजा आहे की ऑनलाइन शाळा म्हणजे नाइलाजाने स्वीकारलेली व्यवस्था, अशी आपली समजूत झाली आहे.

परंतु अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात अशी शाळा 1997 पासून चालू आहे. ऑरेंज आणि अलाचुआ या दोन परगण्यांच्या शालेय यंत्रणांनी तिचा प्रारंभ केला. आज ती फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल या नावाने ओळखली जाते. ती सरकारी शाळा आहे. विद्यार्थी घरी बसून, आपल्या गतीने अभ्यास करतो आणि शिक्षक राज्याच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. अशा शाळेपुढे पहिल्याच दिवशी एक रोकडा प्रश्न उभा राहतो. संगणकावरून आलेला निबंध त्याच मुलाने लिहिला आहे, की त्याच्या थोरल्या भावाने? गणिताची उत्तरे बरोबर आहेत, पण ती त्याला समजली आहेत का?

या प्रश्नावर तेथे जो उपाय योजला गेला, तो चकित करणारा आहे, कारण त्यात नवे यंत्र काहीच नाही. अभ्यासक्रमाचा एक घटक संपला की विद्यार्थ्याने शिक्षकाला दूरध्वनी करायचा आणि दोघांनी त्या घटकावर बोलायचे. 'डिस्कशन-बेस्ड असेसमेंट' असे त्याचे नाव आहे. आपण त्याला संवादाधारित मूल्यमापन म्हणू. शिक्षक पाठांतराचे प्रश्न विचारीत नाही. हे समीकरण सोडविताना ही पायरी का घेतलीस, पाठातली ही संकल्पना तुझ्या शब्दांत सांग, तुझ्या निबंधातील या विधानाला आधार काय, अशा धर्तीचे प्रश्न असतात. उत्तर अडखळले तर शिक्षक प्रश्न सोपा करून विचारतो. उत्तर सफाईदार आले तर आणखी एक पाऊल खोल जातो. समोर लिहून ठेवलेले वाचणारा विद्यार्थी या दुसऱ्या किंवा तिसऱ्या उपप्रश्नाला थबकतो, कारण उपप्रश्न त्याच्याच उत्तरातून जन्माला आलेला असतो. तो आधी कोणालाच ठाऊक नसतो, शिक्षकालादेखील नाही.

या व्यवस्थेचा आणखी एक संदर्भ लक्षात घेण्याजोगा आहे. 2003 पासून या शाळेचे सरकारी अनुदान विद्यार्थी वर्गात किती वेळ बसला यावर नव्हे, तर त्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला की नाही यावर अवलंबून ठेवले गेले. ज्या संस्थेचे उत्पन्न विद्यार्थ्याच्या उत्तीर्ण होण्याशी निगडित आहे, तिच्या गुणपत्रिकेवर समाजाने विश्वास का ठेवावा? असा विश्वास संपादन करावयाचा तर विद्यार्थ्याला खरोखर समजले आहे, हे सांगणारा एक माणूस शिक्षकाच्या ठिकाणी असावा लागतो. संवादाधारित मूल्यमापनाचे मोल येथे कळते.

लेखी परीक्षा कोठून आली?

यातील योगायोग मोठा बोलका आहे. ज्या अमेरिकेत संगणकाच्या युगात तोंडी परीक्षा परतली, त्याच अमेरिकेत ती एकदा हद्दपार झाली होती. बोस्टनच्या शाळांत 1845 पर्यंत समितीचे सभासद वर्गात येत, चार मुलांना उभे करून काही प्रश्न विचारीत आणि त्यावरून शाळेचे मूल्यमापन करीत. त्या वर्षी होरेस मान यांच्या पुढाकाराने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हस्ते तेथे छापील प्रश्नांची लेखी परीक्षा आली. यामागचा युक्तिवाद न्यायाचा होता. सर्वांना तेच प्रश्न, तितकाच वेळ, आणि उत्तराचा पुरावा कागदावर कायम. कोणा लाडक्या विद्यार्थ्याला सोपा प्रश्न आणि दुसऱ्याला अवघड, हा दोष त्यातून दूर होणार होता.

हा युक्तिवाद खोटा नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे 1857 साली मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षांचा साचा आला. मेकॉलेच्या नावाने या साच्याला दूषणे देणे सोपे आहे. त्यातील काही दूषणे खरीही आहेत, कारण शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा अनोळखी दुसराच, ही विभागणी या साच्याने येथे रुजविली. मात्र ओळखपाळख नसलेल्या खेड्यातील मुलालाही केवळ उत्तरपत्रिकेच्या बळावर पुढे जाता आले, हेसुद्धा याच साच्याचे देणे आहे. जो संवादाचा आग्रह धरतो त्याने हे ऋण विसरता कामा नये. अन्यथा मौखिक परीक्षेच्या नावाखाली वशिल्याची परीक्षा परत येईल.

आपली परंपरा काय सांगते?

भारतीय ज्ञानपरंपरेत परीक्षा ही संवादातून वेगळी काढलेली घटना नव्हती. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, पुन्हा पुन्हा जातो. प्रत्येक वेळी तो आपले आकलन घेऊन येतो आणि पिता त्याला उत्तर न देता पुन्हा तपाला पाठवितो. अन्नापासून आनंदापर्यंतच्या पायऱ्या भृगू स्वतः चढतो. आजच्या परिभाषेत हे घटकनिहाय मूल्यमापनच आहे. फरक इतकाच की येथे अनुत्तीर्ण हा शब्द नाही. अजून शोध घे, एवढाच निकाल आहे.

सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने नालंदेचे वर्णन केले आहे. प्रवेशद्वारावरच कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी जेमतेम दोघा-तिघांना आत प्रवेश मिळे, असे तो नोंदवितो. संस्कृत पाठशाळांतील शलाका परीक्षा तर आजही प्रचारात आहे. ग्रंथात शलाका घालून जे पान उघडेल, त्यावर विद्यार्थ्याने बोलायचे. कोणते पान निघेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे निवडक प्रश्नांच्या तयारीवर निभावून नेण्याची सोय राहत नाही. पुण्यात 1875 साली स्थापन झालेली वेदशास्त्रोत्तेजक सभा वेद आणि शास्त्रे यांच्या मौखिक परीक्षा घेत आली आहे. म्हणजे ही परंपरा केवळ ग्रंथांत बंदिस्त नाही, ती आपल्याच प्रांतात जिवंत आहे.

या परंपरेचा अभिमान आपण भाषणांतून नेहमीच व्यक्त करतो. प्रश्न असा आहे की आपल्या गावच्या, आपल्या वस्तीच्या, आपण स्वतः चालविलेल्या शाळेच्या वेळापत्रकात तिला किती मिनिटे मिळतात?

तोंडी गुणांची आपली कहाणी

महाराष्ट्रात तोंडी परीक्षा नव्हती असे नाही. दहावीच्या भाषा विषयांत लेखी 80 आणि तोंडी व अंतर्गत 20 गुण, अशी रचना होती. हे 20 गुण शाळेच्या हाती होते. पुढे 2018-19 या शैक्षणिक वर्षात ते काढून टाकण्यात आले. मार्च 2018 च्या परीक्षेचा निकाल 89.41 टक्के होता, तो 2019 साली 77.10 टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदलले होते, त्यामुळे सारी घट एकाच कारणाने झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु पालकांत आणि शिक्षकांत ओरड झाली ती प्रामुख्याने या 20 गुणांसाठी. पुढच्याच वर्षी ते परत देण्यात आले.

या वादात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ते गुण मिळत होते तेव्हा प्रत्येक मुलाची तोंडी परीक्षा खरोखर होत होती का? वर्गातील साठ मुलांना एका तासिकेत उरकून यादीवर गुण भरण्याची रीत कोणाला अपरिचित आहे? तोंडी परीक्षा हा संवाद न राहता निकालाला लावलेला टेकू होऊन बसला. टेकू काढताच इमारत हलली आणि आपण इमारतीची चिंता न करता टेकू परत मागितला.

कोरोनाच्या काळात 2021 साली दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. निकाल सर्वस्वी अंतर्गत मूल्यमापनावर लागला आणि तो 99.95 टक्के होता. मुलांना दोष देण्याचा येथे प्रश्नच नाही. ती त्या संकटाची बळी होती. परंतु तो आकडा वाचून कोणा पालकाच्या मनात आपल्या मुलाला काय येते याविषयी खात्री निर्माण झाली असेल, असे वाटत नाही. मूल्यमापन शिक्षकाच्या हाती सोपविणे एवढ्याने भागत नाही. शिक्षकाने मुलाशी बोलावे लागते.

नियमांची वाण येथे कधीच नव्हती. राज्याने 2010 साली स्वीकारलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची जी साधने सांगितली आहेत, त्यांत दैनंदिन निरीक्षणाच्या जोडीला तोंडी काम हे साधन स्पष्ट शब्दांत आहे. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पाठांतराकडून आकलनाकडे जाण्याचा आग्रह धरते आणि मुलाचे समग्र प्रगतिपत्रक असावे असे सांगते. धोरण दिल्लीत आखले जाते. त्याचा प्राण मात्र शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधील त्या दोन हात अंतरात असतो.

यंत्र लिहू लागले तेव्हा

हा विषय आज अधिक तातडीचा झाला आहे, त्याला कारण आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि निबंध, पत्र, प्रकल्प, गणिताची रीत, सारे काही क्षणार्धात लिहून देणारे यंत्र शाळकरी मुलांच्या हाती आले. घरी लिहून आणलेल्या कोणत्याही मजकुरावरून मुलाचे आकलन ठरविणे आता अवघड झाले आहे. जी अडचण फ्लोरिडातील ऑनलाइन शाळेपुढे अंतरामुळे उभी राहिली होती, ती आता रोज वर्गात बसणाऱ्या मुलाच्या शाळेपुढेही उभी आहे. या अर्थाने प्रत्येक शाळा आता थोडीफार दूरशिक्षणाची शाळा झाली आहे.

यावर एक उपाय पहारेकऱ्याचा आहे. कॅमेरा लावा, नजर ठेवा, नक्कल पकडणारे दुसरे यंत्र आणा. ज्या घरात मुलाकडे चोर म्हणून पाहिले जाते, त्या घरात मूल प्रामाणिक होत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. दुसरा उपाय आचार्याचा आहे. बाळ, तू जे लिहिलेस ते छान आहे, आता मला समजावून सांग, असे म्हणून तो मुलाला जवळ बसवितो. पहारेकरी अप्रामाणिकपणा पकडतो. आचार्य प्रामाणिक राहण्याची संधी देतो. यंत्राची मदत घेतलेले मूलही या संवादात, इथपर्यंत मला समजले, पुढचे समजले नाही, असे सांगू शकते. सत्यकामाने दिले तसे हे उत्तर असते. त्याला गुण कसे द्यायचे हे ज्या शाळेला कळले, ती शाळा यंत्राला घाबरणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत

यावर शिक्षक विचारतील, वेळ कोठून आणायचा? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. हिशेब मांडून पाहू. वर्गात 60 मुले आहेत आणि प्रत्येकाला 10 मिनिटे द्यायची, तर 600 मिनिटे, म्हणजे 10 तास लागतात. आठवड्याला चार मुले घेतली तर 40 मिनिटे आणि पंधरा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते. एका शिक्षकाकडे असे चार वर्ग असतील तर हे ओझे त्याला एकट्याला पेलणार नाही. परंतु त्या वर्गाला शिकविणाऱ्या सहा शिक्षकांनी दहा-दहा मुले वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्रात 100 मिनिटे येतात. अशैक्षणिक कामांनी आणि माहितीच्या तक्त्यांनी पिचलेल्या शिक्षकाला एवढा वेळ मोकळा करून देणे ही संस्थाचालकांची आणि शासनाची जबाबदारी आहे. ती पार न पाडता शिक्षकाकडून गुरुपदाची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे.

दुसरी अडचण बुजऱ्या मुलाची. ज्याला लिहिता येते पण बोलताना कंठ दाटतो, ज्याच्या घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे, जो अडखळत बोलतो, अशा मुलावर तोंडी परीक्षा अन्याय करू शकते. म्हणून मुलाच्या बोलण्याची सफाई नव्हे, तर त्याचे आकलन ऐकण्याची दृष्टी शिक्षकाला असली पाहिजे. वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत दिलेले बरोबर उत्तर हे बरोबरच उत्तर आहे. पहिला संवाद गुणांविना असावा, म्हणजे भीती मोडते. मुलींच्या पालकांना संकोच वाटू नये यासाठी दूरध्वनीवरील किंवा पडद्यावरील संवाद ठरलेल्या वेळी आणि घरच्यांना कल्पना देऊन व्हावा.

तिसरी अडचण पक्षपाताची. बोस्टनने 1845 साली जी तक्रार केली, ती आजही लागू आहे. तिच्यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येकाला विचारावयाचे दोन मूळ प्रश्न सारखे असावेत, उपप्रश्न शिक्षकाने उत्तरानुसार विचारावेत आणि काय विचारले, काय उत्तर आले याची चार ओळींची नोंद ठेवावी. लेखी परीक्षा रद्द करावी असे कोणी म्हणत नाही. लेखी परीक्षेची समता आणि संवादाचे सत्य या दोन्हींची जोड हवी आहे.

आणि चौथी अडचण घरात फोनच नसण्याची. ही सर्वांत मोठी आहे, कारण ज्याच्याशी बोलणे सर्वाधिक गरजेचे, तोच या व्यवस्थेत सर्वांत दूर असतो. कोरोनाच्या दिवसांत एका घरात एकच फोन, तो घेऊन वडील कामावर, आणि मुले संध्याकाळची वाट पाहत बसलेली, हे चित्र वस्त्यावस्त्यांतून दिसत होते. अशा ठिकाणी दूरध्वनीची वाट न पाहता माणसाने जावे लागते.

कार्यकर्त्याचे काम

येथे कार्यकर्त्यांची भूमिका सुरू होते. विद्याभारतीच्या शाळांत आचार्यांनी विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याची, गृहसंपर्काची, पद्धत आहे. आचार्य घरी येतात, आईवडिलांशी बोलतात, मुलाच्या अभ्यासाची जागा पाहतात. फ्लोरिडातील शिक्षक पालकांशी जो नियमित दूरध्वनी संपर्क ठेवतात, त्यामागचा विचार याहून वेगळा नाही. जे आपल्या कार्यपद्धतीत आहेच, त्याला अभ्यासाच्या प्रश्नांची जोड द्यावयाची आहे.

आपापल्या वस्तीतील अभ्यासिकेत, संस्कारवर्गात, सेवावस्तीतील शिकवणी वर्गात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवता येईल. एका वेळी एकच मूल, त्याची वही आणि समोर एक मोठा माणूस. या आठवड्यात काय शिकलास, ते मला सांग. मला समजले नाही, पुन्हा सांग. येथे शिक्षणशास्त्राची पदवी आवश्यक नाही, ऐकण्याचा धीर आवश्यक आहे. निवृत्त झालेल्या आजी-आजोबांकडे हा धीर आणि वेळ दोन्ही असतात. परदेशी असलेल्या नातवंडांशी पडद्यावर रोज बोलणाऱ्या आजीने जेवलास का, याच्या पुढे जाऊन, आज शाळेत काय समजले, असे विचारले, तर तोही याच यज्ञातील एक समिधा ठरेल.

पालकांनीही आपला प्रश्न बदलला पाहिजे. किती गुण मिळाले, हा आपला पहिला प्रश्न असतो आणि मूल त्याप्रमाणे घडत जाते. हे तुला कसे कळले, असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात मूल कळण्याकडे वळते. शाळेने तोंडी परीक्षेचे पूर्ण गुण दिले, तर त्या आनंदात पालकांनी शिक्षकांना एवढेच विचारावे, आपण त्याच्याशी काय बोललात? या एका प्रश्नाने शाळेचे वातावरण पालटेल. काही शिक्षकांना तो बोचेल, परंतु जे शिक्षक मनापासून मुलांशी बोलतात, त्यांना आपल्या कामाची दखल घेतली गेल्याचे समाधान मिळेल. असे शिक्षक आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांच्या कामाला गुणपत्रिकेत रकाना नाही, एवढेच.

सत्यकामाच्या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याचा स्वीकार केल्यानंतर गुरूंनी त्याला चारशे कृश गाई देऊन रानात पाठविले. वर्षानुवर्षे तो गुरूपासून दूर राहिला. गाई सहस्र झाल्या तेव्हा तो परतला, आणि वाटेत त्याला ज्ञानही प्राप्त झाले होते. त्याच्या चेहऱ्यावरील तेज पाहूनच आचार्यांनी ते ओळखले आणि तुला हे कोणी शिकविले, असे विचारले. सत्यकामाने सारे सांगितले आणि तरीही म्हणाला, मला हे आपल्याच मुखातून ऐकायचे आहे. दूरशिक्षणात काही गैर नाही, हे ही कथाच सांगते. शिष्य कितीही दूर गेला तरी चालते. परतल्यावर त्याच्याकडे पाहणारा आणि त्याला प्रश्न विचारणारा गुरू मात्र जागेवर असला पाहिजे.

आपल्या प्रत्येक मुलासाठी असा एक माणूस, सत्रातून निदान दहा मिनिटे, ही मागणी फार मोठी नाही. ती पूर्ण करण्याचा संकल्प या मेळाव्यातून उठताना आपण करावा, एवढीच विनंती.